जुन्या गाडीला टर्बो : हिशेबातून सुटलेल्या बाबी

टर्बोचार्जर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर फिरणारे टर्बाइन आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेला, आत जाणारी हवा दाबणारा कॉम्प्रेसर यांची जोडी होय. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले, म्हणजे ही विद्या काही नवी नाही. भिवंडीत तर गोदामांमुळे ट्रक-टेम्पोंचा राबता असल्याने टर्बो उघडून पुन्हा बसवणारे हात सहज मिळतात. हे हात मात्र डिझेलवर तयार झालेले असतात आणि डिझेलचा न्याय पेट्रोलला लावला की स्वस्तात सुरू झालेले काम महागात पडते, हेच प्रस्तुत विवेचनाचे सूत्र आहे.

डिझेल इंजिनात हवा नेहमीच गरजेपेक्षा जास्त असते. आणखी हवा ढकलली आणि इंधन तेवढेच ठेवले, तर इंजिन उलट थंड चालते. पेट्रोलमध्ये एक भाग इंधनामागे वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण असून, टर्बोच्या दाबाखाली म्हणजे बूस्टखाली ते मुद्दाम १२ च्या जवळपास आणावे लागते. हवा वाढली आणि पेट्रोल वाढले नाही, तर मिश्रण ‘लीन’ होते, तापमान चढते आणि ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम पेट घेते; यालाच नॉकिंग म्हणतात.

या फरकाची किंमत मोजावी लागलेली गाडी १२९८ सीसीची, ८५ अश्वशक्तीची एस्टीम होती आणि तिचा मालक म्हणजेच प्रस्तुत लेखक. स्विफ्ट डिझेलचा जुना टर्बो, वेल्डिंग करून बनवलेला मॅनिफोल्ड, इंटरकूलर आणि ०.४ बार बूस्ट असा बेत ठरला. खर्चाच्या यादीत वाइडबँड सेन्सर, म्हणजे हवा-इंधनाचे प्रमाण चालत्या गाडीत दाखवणारे उपकरण, मालकाने आग्रहाने लिहिले होते, गॅरेजवाल्याने “शेठ, हाताला अंदाज आहे, मीटर कशाला?” असे म्हणून ते खोडले. मालकाने त्यावर मोबाइलवर लेखी हरकत घेतली होती, ही नोंद येथे मुद्दाम केली आहे.

खारेगावहून मानकोलीकडे येताना, गाडी जेमतेम दोन आठवडे चालली असताना, डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला आणि पाठोपाठ निळा धूर निघाला. हेड उतरवून पिस्टन बाहेर काढल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा वरच्या दोन रिंगांमधला पट्टा नखाएवढ्या तुकड्यांत फुटलेला आणि माथा वाळूने घासल्यासारखा खरबरीत झालेला दिसला. त्या तुकड्यांकडे पाहत गॅरेजवाला “पेट्रोलच भेसळीचं असणार” एवढेच म्हणाला आणि चहा सांगायला निघून गेला. बिलात मात्र ‘ट्यूनिंग’ अशी स्वतंत्र रक्कम लावलेली होती. मूळ ईसीयूचा, म्हणजे इंधन किती सोडायचे ते ठरवणाऱ्या संगणकाचा, दाबसंवेदक वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजणारा असतो, त्यामुळे त्या ईसीयूला बूस्ट दिसतच नव्हता आणि कोणी दाखवलाही नव्हता. तेव्हा ट्यूनिंग नेमके कशाचे केले, या प्रश्नाचे उत्तर आजतागायत मिळालेले नाही.

असे काम योजणाऱ्याने खर्चाचा क्रम उलटा लावावा. पहिला पैसा कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन तपासणीवर खर्च करावा, कारण झिजलेल्या इंजिनावर बूस्ट देणे म्हणजे विरलेल्या कापडाला नवी जर लावणे होय. दुसरा पैसा प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू, मोठे इंजेक्टर, पुरेसा पंप आणि वाइडबँड यांवर खर्च करावा. टर्बो शेवटी घ्यावा. पेट्रोलचे उत्सर्जित वायू ९०० अंशांच्या पुढे जातात, डिझेलचा टर्बो तेवढ्या उष्णतेसाठी घडवलेला नसतो, म्हणून तो ‘मिळतो’ एवढ्यावरून घेऊ नये. टर्बोतून परतणारे ऑइल केवळ उताराने खाली येते. त्याची नळी रुंद, सरळ आणि संपमधील ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारी असावी, अन्यथा सील निर्दोष असूनही धूर निघतो. मे महिन्यातली ३५ अंशांची हवा ०.४ बारपर्यंत दाबली की ऐंशी अंशांच्या जवळपास जाते आणि अंजूरफाट्याच्या कोंडीत तापून बसलेला इंटरकूलर ती लगेच थंड करू शकत नाही, हेही हिशेबात धरावे. उरलेले उपदेश सर्वपरिचित आहेत : घाई करू नये, पावती घ्यावी, आगाऊ सगळे पैसे देऊ नयेत.

शेवटची बाब कायद्याची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कायद्याचे बोट मालकाकडे आहे, त्यामुळे फसवल्या गेलेल्या मालकाला दाद मागायची तर आधी स्वतःचा गुन्हा कबूल करावा लागतो. हे गॅरेजवाल्याला पक्के ठाऊक होते. म्हणूनच तो चहा सांगायला इतक्या निवांतपणे गेला.