घडीची खुर्ची आणि लघुउद्योजकाचे हक्क

फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी १९४९ पासून फरीदाबादची नवी वसाहत उभी राहिली आणि पुढे ती अभियांत्रिकी लघुउद्योगांचे मोठे केंद्र बनली. अशा औद्योगिक नगरीत एखादी नवी वस्तू बाजारात आली, की तिची नक्कल शेजारच्या कारखान्यात होण्यास फार काळ लागत नाही. उलगडली की शिडी किंवा पलंग होणारी घडीची खुर्ची हे त्याचे सोपे उदाहरण. तिच्या निर्मात्यास कायद्याचे संरक्षण कितपत मिळते?

दोन वेगळे हक्क

एकाच खुर्चीत दोन प्रकारची बौद्धिक संपदा असू शकते. खुर्चीची शिडी करणारी नवी यंत्ररचना ही पेटंट कायदा, १९७० च्या कक्षेत येते. हे संरक्षण अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षे टिकते. खुर्चीचा डोळ्यांना जाणवणारा आकार व घाट मात्र डिझाइन कायदा, २००० खाली नोंदविला जातो. त्याची मुदत १० वर्षे असून ती ५ वर्षांनी वाढविता येते. निव्वळ यांत्रिक रचनेस डिझाइनचे संरक्षण नाही. त्यामुळे केवळ आकार नोंदविणाऱ्यास तीच बिजागरी निराळ्या घाटाच्या खुर्चीत वापरणाऱ्या स्पर्धकास रोखता येत नाही. उलटपक्षी, परिचित भाग आपापले जुनेच काम करीत केवळ एकत्र जोडले असतील, तर त्यास पेटंटही मिळत नाही.

न्यायालयांची भूमिका

मिर्झापूर येथील भांडी-उद्योगातील वादात, भांडी लेथवर फिरवताना घट्ट धरणाऱ्या साधनाचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये अवैध ठरविले. ती कारागिराच्या नेहमीच्या कौशल्यातून होणारी सुधारणा होती, शोध नव्हता. फरीदाबादशी संबंधित प्रकरणही उद्बोधक आहे. निकी ताशा इंडिया या कंपनीने गॅस तंदूरच्या नोंदणीकृत डिझाइनच्या आधारे फरीदाबाद गॅस गॅजेट्सविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. १९८० च्या दशकातील या निर्णयात अंतरिम मनाई हुकूम नाकारण्यात आला. नोंदणी अलीकडची होती, तिच्या वैधतेस आव्हान दिले गेले होते आणि डिझाइनचे नावीन्य नेमके कशात, हे स्पष्ट नव्हते. नोंदणीचे प्रमाणपत्र म्हणजे वैधतेची हमी नव्हे, हे या दोन्ही प्रकरणांचे सार आहे.

उद्योजकाने काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे, विक्री वा जाहिरातीपूर्वी अर्ज करावा. वस्तू आधीच लोकांसमोर आली, तर नावीन्य सहसा संपुष्टात येते. दुसरे, पूर्वीच्या नोंदी तपासून आपल्या वस्तूत नवे काय, हे अर्जात नेमके मांडावे. तिसरे, केवळ कॉपीराइटवर विसंबू नये. नोंदणीयोग्य असूनही न नोंदविलेल्या डिझाइनची वस्तू औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा अधिक वेळा तयार झाल्यास त्या डिझाइनवरील कॉपीराइट संपतो.

हे नियम स्पर्धकाच्याही हिताचे आहेत. जे सर्वांना ठाऊक आहे त्यावर एकाची मक्तेदारी निर्माण झाल्यास अनेक छोटे कारखाने बंद पडतील. उलट, खऱ्या शोधास संरक्षण न मिळाल्यास संशोधनावर खर्च करण्यास कोणी धजणार नाही. नागपूर येथील राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेसारख्या संस्थांचे प्रशिक्षण औद्योगिक वसाहतींपर्यंत पोहोचणे म्हणूनच अगत्याचे आहे. वाद न्यायालयात गेल्यावर वकिलाचा सल्ला घेण्यापेक्षा साचा तयार करण्यापूर्वीच तो घेणे लहान उद्योजकास केव्हाही स्वस्त पडते.