पिकअपचा हीटर थंड हवा फेकतोय? डॅशबोर्ड उघडू देण्याआधी हे वाचा

पहाटेच्या आधी माल भरून ओझरहून निघायचं, ओतूर मागे टाकून माळशेज उतरायचा, काचेवर वाफ धरलेली आणि हीटर लावला तर पायावर गार वारा. ही तक्रार घेऊन नारायणगाव किंवा आळेफाट्याच्या गॅरेजात गेलात, तर पाचशे रुपयांत सुटू शकता. सात-आठ हजारांचं बिलही हातात पडू शकतं. गॅरेजात जाण्याआधी दहा मिनिटं स्वतः तपासा. त्यातच पैसे वाचतात.

आधी एक खात्री करा: तुमच्या गाडीला हीटर आहे ना? स्वस्त मॉडेलमध्ये अनेकदा नुसता ब्लोअर असतो आणि तो बाहेरचीच हवा आत ढकलतो. लाल-निळ्या खुणेचा नॉब आहे का पाहा, गाडीच्या माहितीपुस्तकात पडताळा. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, पण ती एकूण वजन 3.5 टनांहून जास्त असलेल्या मालवाहू गाड्यांना. त्याखालच्या पिकअपला ती सक्ती नाही. जुनी गाडी विकत घेताना विक्रेत्याच्या ‘सगळं चालू आहे’वर विसंबू नका.

आता तपासणी. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची बाटली पाहा. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. आतलं पाणी चहासारखं तांबूस दिसलं तर समजा, कोणीतरी बोअरचं पाणी भरलंय. गंज आणि क्षार हीटरच्या बारीक नळ्यांत बसतात. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका, तोंड भाजतं.

मग गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवा, हीटर पूर्ण लाल खुणेवर ठेवा, गाडी उभी करून इंजिन बंद करा आणि इंजिनमागच्या पत्र्यातून केबिनमध्ये जाणारे दोन रबरी होज पाईप बेताने चाचपा. दोन्ही गरम, तरी हवा थंड: नॉबची केबल सुटली आहे किंवा आतली झडप अडकली आहे. एक गरम, एक थंड: हीटर कोअर (त्या बारीक नळ्यांचा संच) तुंबलाय किंवा हीटरचा वॉल्व्ह बंद आहे. दोन्ही थंड: कूलंट कमी, हवा अडकलेली, वॉल्व्ह बंद किंवा थर्मोस्टॅट उघडा राहिलेला. तापमानाचा काटा लांब पल्ल्यावरही वर चढत नसेल तर संशय थर्मोस्टॅटवरच घ्या.

दर मॉडेलप्रमाणे बदलतात. खालचे आकडे घासाघीस करताना हाताशी असावेत म्हणून, अंदाजाचे. कूलंट लिटरला 200 ते 400 रुपये. बदलून हवा काढण्याची मजुरी 300 ते 600, वेळ तासभर. केबल पुन्हा बसवायला 200 ते 500. थर्मोस्टॅट 400 ते 1,500, मजुरी वेगळी, अर्धा दिवस. कोअर उलट्या दिशेने पाण्याने धुवायला 500 ते 1,000. कोअर बदलायचा झाला तर पार्ट 1,500 ते 4,000 आणि जवळपास तेवढीच मजुरी, कारण बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड खोलावा लागतो. गाडी एक-दोन दिवस अडकते. म्हणून क्रम ठरवून घ्या: कूलंट, केबल, थर्मोस्टॅट, धुणं, आणि सगळ्यात शेवटी कोअर. पहिल्याच भेटीत कोणी कोअर बदलायला सांगितला, तर दोन्ही पाईप तुमच्यासमोर चाचपायला लावा. धुताना पाण्याचा दाब कमी ठेवायला सांगा. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारली की जुना कोअर फुटतो आणि तो खर्च तुमच्या माथी येतो.

दोन ‘जुगाड’ ठाम नाकारा. पहिला, थर्मोस्टॅट काढूनच टाकणं. ‘गाडी गरम होणार नाही’ म्हणून हे सर्रास सुचवलं जातं. मग इंजिन थंडच चालतं, डिझेल जास्त जातं आणि हीटर कायमचा गार. दुसरा, गळका कोअर वगळून दोन्ही पाईप एकमेकांना जोडणं. गळती थांबते, हीटर संपतो. जुनी गाडी घेतली असेल तर हे आधीच झालंय का, ते पाहून घ्या. आणि कूलंट वारंवार कमी होतंय, बाहेर गळती दिसत नाही, बाटलीत बुडबुडे येतात, धूर पांढरा आहे, असं असेल तर हीटर विसरा आणि गाडी थांबवा. हेड गॅस्केटची शक्यता आहे. चालवत राहिलात तर इंजिनच हाताबाहेर जाईल.

कुठे जायचं? वॉरंटी चालू असेल तर अधिकृत वर्कशॉपच. बाहेरच्या माणसाला हात लावू देऊ नका. संपली असेल तर साध्या कामाला जवळचा मेस्त्री पुरतो. चतुर्थीला ओझरच्या रस्त्यावर भाविकांच्या गाड्यांची गर्दी असते, तो दिवस टाळा. सोबत आरसी, सर्व्हिस बुक आणि चॅसिस नंबर घ्या. तो नंबर दाखवल्याशिवाय पार्ट घेऊ नका. जॉब कार्डवर अंदाजे खर्च लिहून घ्या, ‘विचारल्याशिवाय जास्तीचं काम नाही’ हेही लिहायला लावा, आणि जुना पार्ट परत मागा.

बिलात तीन ठिकाणी नजर ठेवा. पार्टच्या पाकिटावरच्या एमआरपीत कर धरलेलाच असतो. त्यावर पुन्हा जीएसटी लावू देऊ नका. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या पार्टवर जीएसटी 18 टक्के आहे, जुना 28 टक्के दर कोणी लावला तर हरकत घ्या. ज्याच्याकडे जीएसटी नोंदणी नाही, त्याला तो वसूल करताच येत नाही.

काढलेलं कूलंट अंगणात ओतू देऊ नका. चवीला गोड आणि विषारी असतं. गुरं आणि कुत्री चाटतात.

फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पिकअप धंद्याची म्हणून हात झटकले जातील. पण गाडी स्वतः राबून पोट भरण्यासाठीच असेल, तर कायद्याने तुम्ही ग्राहकच आहात. तक्रारीसाठी पक्कं बिल लागतं. ते घेतल्याशिवाय गॅरेजातून गाडी काढू नका.