पूर्ण रेसवर अडखळणारें लहान पेट्रोल इंजिन

शेतकरी बंधूंच्या हातीं आतां बैलांच्या जोडीला, आणि कित्येक ठिकाणीं बैलांच्या जागीं, लहान पेट्रोल इंजिनें आलीं आहेत. कोळपणीचा पॉवर वीडर, ओढ्यावर उचलून नेतां येणारा पंप, औषध फवारण्याचें यंत्र, आणि क्वचित् मळ्यांतून ओझीं वाहणारी एटीव्ही नांवाची लहान चारचाकी गाडी, या सर्वांच्या पोटांत बहुधा एकाच जातीचें, म्हणजे एक सिलिंडरचें फोर स्ट्रोक इंजिन असतें. या इंजिनाचा एक दोष वारंवार आढळतो. तें सहज सुरू होतें, सावकाश चालविलें तर नीट चालतें. परंतु रेस वाढवितांच फडफडतें, ठोके चुकवितें, आणि मधून मधून सायलेन्सरांतून बारही काढतें. मिस्त्री लोक यास ‘मिसिंग’ म्हणतात. प्रस्तुत लेखांत या एकाच दोषाचा विचार करावयाचा आहे.

दोष लहान दिसला तरी त्याची किंमत लहान नाहीं. पावसाळ्यांत उघडीप मिळून वाफसा येतो तो दोन-चार दिवसांचाच. तेवढ्यांत सोयाबीन-कपाशीची कोळपणी उरकली नाहीं तर तण पिकावर चढतें, आणि मग खुरपणीस मजूर शोधीत फिरावें लागतें. नेमक्या त्याच दिवशीं इंजिन अडखळलें म्हणजे मालक घाईनें दिसेल तो स्क्रू फिरवितो, नवा प्लग आणतो, शेवटीं सबंध कार्ब्युरेटर बदलतो. आणि एवढें करून दोष बहुधा चिमूटभर कचऱ्याचा निघतो. म्हणून आमचें मुख्य सांगणें एवढेंच कीं, पाना हातीं घेण्यापूर्वीं इंजिन उपाशी आहे, त्यास अजीर्ण झालें आहे, कीं त्याची ठिणगी चुकते आहे, हें ठरवावें. या तिहींपैकीं कोणतें, एवढें ठरलें म्हणजे निम्मी दुरुस्ती झाली असें समजावें.

प्रस्तुत लेखक व्यवसायानें यंत्रज्ञ नव्हे. त्याचें आयुष्य महसुलाचीं दप्तरें सांभाळण्यांत गेलें. परंतु जमिनीच्या नोंदींत तक्रार निघाली म्हणजे आधीं सातबारा, मग त्यावरील फेरफार, मग मूळ कागद, अशा क्रमानेंच मागें जावें लागतें. सगळे रुमाल एकदम सोडले तर चूक सांपडत नाहीं. उलट कागदांची सरमिसळ होते. इंजिनाचेंही तसेंच आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, इंजिन चालवून पाहावें, आणि मग पुढें जावें.

जोरांतच कां अडखळतें?

कार्ब्युरेटरचा गळा मध्यें अरुंद असतो. तेथून जातांना हवेचा वेग वाढतो व दाब कमी होतो, आणि त्यामुळें खालच्या वाटींतलें पेट्रोल वर ओढलें जाऊन हवेंत मिसळतें. वाटींतली पातळी फ्लोट राखतो. इंजिन सावकाश चालत असतां पेट्रोल एका बारीक वाटेनें येतें, तिला स्लो जेट म्हणतात. रेस वाढली म्हणजे पेट्रोलचा मुख्य भार मेन जेटवर पडतो. तेव्हां सावकाश नीट व जोरांत अडखळतें, याचा पहिला अर्थ असा कीं मेन जेटची वाट आधीं तपासावी. सावकाश गतीच्या स्क्रूला हात लावण्याचें कारण नाहीं.

दुसरी गोष्ट मागणीची. साधारण साडेपांच अश्वशक्तीचें इंजिन मिनिटास ३६०० फेरे घेत पूर्ण भारावर चालतें, तेव्हां त्यांत सेकंदास ३० स्फोट होतात आणि ताशीं सुमारें १.४ लिटर पेट्रोल जळतें, म्हणजे मिनिटास २३ मिलिलिटर. रिकामें व सावकाश चालतांना याचा लहानसा अंशच पुरतो. त्यामुळें अर्धवट तुंबलेली गाळणी सावकाश गतीला जाणवतही नाहीं, आणि जोराच्या वेळीं मात्र घात करते. ठिणगीचेंही असेंच. रेस पूर्ण असतां सिलिंडर अधिक भरतें, आंतला दाब वाढतो, आणि त्या दाबांत प्लगच्या फटींतून ठिणगी उडणें अधिक कठीण होतें. अशक्त ठिणगी नेमकी तेथेंच चुकते.

दोन परीक्षा

परीक्षा उघड्या जागीं घ्याव्यात. जवळ विडी-काडी नसावी. पंप असेल तर पाणी उपसतांनाच पाहावें. वीडर असेल तर पातीं फिरणार नाहींत अशा स्थितींत सपाट जागेवर उभा करावा.

पहिली परीक्षा चोकची. इंजिन गरम झाल्यावर रेस वाढवावी, आणि तें अडखळूं लागतांच चोक हळूहळू थोडासा ओढावा. चोक ओढल्यानें हवा कमी होऊन पेट्रोलचें प्रमाण वाढतें. तेवढ्यानें इंजिन सुधारलें तर तें उपाशी आहे. अधिकच बिघडलें व काळा धूर आला तर त्यास अजीर्ण आहे. कांहींच फरक पडला नाहीं तर ठिणगीचा संशय घ्यावा.

दुसरी परीक्षा प्लगच्या रंगाची. इंजिन कांहीं मिनिटें जोरांत चालवून त्याच गतीवर बटणानें एकदम बंद करावें, निवूं द्यावें, आणि प्लग काढून पाहावा. टोंक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. पांढरें फटक असेल तर पेट्रोल कमी पडतें. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक होतें. तेलकट ओलें असेल तर ऑईल वर चढतें आहे, व तें काम मिस्त्रीचें. वीडर रिकामा ठीक चालून ओळींत भार येतांच अडखळत असेल तर चोकची परीक्षा घेतां येत नाहीं. तेथें ही दुसरीच कामास येते.

इंजिन उपाशी असेल तर

टांकीपासून जेटपर्यंत, पेट्रोल ज्या क्रमानें वाहतें त्याच क्रमानें जावें.

(१) टांकीचें झांकण. त्यांत हवा आंत येण्यास बारीक छिद्र असतें. चिखलानें तें बुजलें म्हणजे पेट्रोल कमी होत जाईल तशी टांकींत ओढ निर्माण होते व धार मंदावते.

(२) कॉक, गाळणी व नळी. कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा बोल्ट काढून, कॉक उघडून, पेट्रोल कोरड्या कांचेच्या भांड्यांत पडूं द्यावें. एका मिनिटांत चहाचा अर्धा कप तरी सहज भरला पाहिजे, व धार शेवटपर्यंत सारखी राहिली पाहिजे. प्रथम जोरानें येऊन मग बारीक झाली तर झांकण सैल करून पाहावें. तरीही बारीकच राहिली तर गाळणी तुंबली आहे. हेंच भांडें थोडा वेळ स्थिर ठेवावें. तळाशीं वेगळा थर दिसला तर टांकींत पाणी आहे.

(३) मेन जेट. त्याचें छिद्र एका मिलिमीटरहूनही बारीक असतें. तें स्प्रे क्लीनरनें व पंपाच्या हवेनें साफ करावें. तार किंवा सुई कदापि घालूं नये. पितळ मऊ असतें, तारेनें छिद्र मोठें होतें, आणि उपाशी इंजिनास कायमचें अजीर्ण जडतें. जेटच्या वर बाजूस भोंकें असलेली एक नळी असते, तीही काढून साफ करावी. ती विसरल्यामुळें कित्येकदां दोष तसाच राहतो.

(४) एवढें करूनही चोक ओढल्यावरच इंजिन चालत असेल, तर कार्ब्युरेटर व सिलिंडर यांमधील पॅकिंग फाटून बाहेरची हवा शिरते काय तें पाहावें.

अजीर्ण असेल तर

प्रथम हवेची गाळणी, म्हणजे एअर फिल्टर पाहावा. कोरड्या रानांत कोळपणी केल्यावर तो धुळीनें भरतो. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यांत धुवून, पूर्ण वाळवून, इंजिन ऑईलचे चार थेंब चोळून पिळून बसवावा. कागदी असेल तर हलकेच झटकावा, फारच मळला असेल तर बदलावा, धुवूं नये. फिल्टर काढून इंजिन चालविणें ही मात्र मोठी चूक होय. त्या दिवशीं तें बरें चालेल, पण आंत गेलेली धूळ सिलिंडर घांसून टाकील.

नंतर चोक पूर्ण उघडतो काय तें डोळ्यांनीं पाहावें; बाहेरची दांडी उघडी दिसते आणि आंतली पट्टी अर्धी बंद राहते. शेवटीं वाटी भरून ओसंडते काय तें पाहावें. तसें असल्यास सुईखालीं कचरा आहे अथवा फ्लोटला भोंक पडून त्यांत पेट्रोल शिरलें आहे. सायलेन्सरचें तोंडही विसरूं नये. बरेच महिने पडून राहिलेल्या यंत्रांत कुंभारमाशी मातीचें घर करते, आणि धुरास वाट नसली म्हणजे नवी हवा आंत येत नाहीं.

ठिणगी चुकत असेल तर

प्लगची फट बहुतेक अशा इंजिनांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. आपल्या यंत्राच्या पुस्तकांतला आंकडा प्रमाण मानावा व फीलर गेजनें मोजावी. झिजून फट वाढली म्हणजे सावकाश गतीला ठिणगी उडते व जोरांत चुकते. प्लगची टोपी सैल, वायर तडकलेली, अथवा बंद करण्याच्या बटणाची वायर घांसून उघडी पडून अंगाला लागत असली, तरी हाच परिणाम होतो. उतारावरच अडखळत असेल तर ऑईलची पातळी पाहावी. ऑईल कमी पडतांच ठिणगी तोडणारी योजना कांहीं इंजिनांत असते, व यंत्र कललें म्हणजे ती आधींच जागी होते.

वीस मिनिटांनीं येणारा दोष

सर्वांत फसविणारा प्रकार हा. इंजिन वीस-पंचवीस मिनिटें उत्तम चालतें, मग अडखळून बंद पडतें, आणि घटकाभर विसावा दिला कीं पुन्हां चालतें. याचीं मुख्य कारणें दोन. एक, टांकीच्या झांकणाचें बुजलेलें छिद्र. विसाव्यांत हवा हळूहळू आंत शिरते म्हणून इंजिन पुन्हां चालतें. दुसरें, तापल्यावर दगा देणारी इग्निशन कॉईल. निवल्यावर ती पुन्हां ठीक होते. लक्षण एकच असल्यामुळें एकाच्या जागीं दुसऱ्याचा खर्च होतो. आमच्या गांवच्या एका हळद बागायतदाराच्या वीडरला याच लक्षणावरून दोन प्लग व एक कॉईल नवी बसविली गेली. दोष निघाला झांकणांत वाळलेल्या चिखलाचा.

दोहोंतला फरक ओळखण्याची वेळ इंजिन बंद पडतांचची असते; निवल्यावर पुरावा नाहींसा होतो. त्याच क्षणीं झांकण सैल करावें. सुस्कारा सोडल्यासारखा आवाज होऊन इंजिन लागलीच नीट चालूं लागलें तर दोष झांकणाचा. तसें न झाल्यास झांकण घट्ट लावावें, कॉक बंद करावा, दुसरा चांगला प्लग टोपींत बसवून त्याचें अंग इंजिनाच्या धातूला टेकवावें, आणि दोरी ओढून ठिणगी पाहावी. मूळ प्लग जागीं तसाच असूं द्यावा, म्हणजे त्या भोंकांतून वाफ उडून पेट घेण्याचें भय राहत नाहीं. गरम असतां ठिणगी नाहीं व निवल्यावर आहे, असें दोनदां दिसलें तरच कॉईल बदलावी. ठिणगी असूनही गरम इंजिन जोर धरीत नसेल तर टॅपेटची फट तपासून घ्यावी.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलविषयीं

आपल्या देशांतील पेट्रोलमध्यें २०२२ सालीं दहा टक्के, व २०२५ सालीं वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची मजल गांठली गेली. त्यांतला कांहीं वांटा उसाचा, म्हणजे आपल्याच शेताचा आहे. त्याची निंदा करण्याचें कारण नाहीं. परंतु त्याचा स्वभाव जाणून घ्यावा. एक किलो पेट्रोल जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला ९ किलो पुरते. त्यामुळें जुन्या, ठराविक जेटच्या इंजिनांत मिश्रण किंचित् विरळ होतें, आणि पूर्वीं खपून जाणारा थोडासा कचरा आतां खपत नाहीं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतें. तें प्रमाणाबाहेर झालें कीं पाणी व इथेनॉल मिळून तळाशीं बसतें, आणि टांकीच्या तळचाच माल प्रथम कार्ब्युरेटरांत जातो. जुन्या रबरी नळ्याही त्यानें लवकर खराब होतात.

सबब हंगाम संपतांच टांकी रिकामी करावी, कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावें, व वाटीचा बोल्ट काढून उरलेले थेंब गाळावे. पुढील मृगाला ताजें पेट्रोल घालावें. एवढी एक संवय ठेवली तर मेन जेट काढण्याची वेळ फारशी येणार नाहीं.

एक सावधगिरी

इंजिन ठराविक तालावर आपोआप चढत-उतरत असेल तर तें अडखळणें निराळें. त्यांत पेट्रोलची कमतरता अथवा गव्हर्नरची अडचण असते. कोणत्याही प्रसंगीं जोर वाढविण्यासाठीं गव्हर्नरची स्प्रिंग ताणूं नये. मर्यादेबाहेर फिरलेलें इंजिन फुटण्याचा संभव असतो. तसेंच वीडरच्या पात्यांजवळ हात नेण्यापूर्वीं प्लगची टोपी काढून ठेवावी.

प्रत्येक यंत्रासाठीं एक लहान वही ठेवावी व तींत तारीख, लक्षण, परीक्षेचा निकाल, बदललेला भाग आणि खर्च यांची नोंद करावी. मिस्त्रीकडे जाणें भागच पडलें तर यंत्राबरोबर वहीही न्यावी. ‘इंजिन बिघडलें आहे’ असें म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचें सबंध इंजिन उघडलें जातें. ‘चोक ओढल्यावर सुधारतें, वाटीखालची धार सारखी आहे, जेट साफ केलें आहे’ असें सांगणाऱ्याचें काम अर्ध्या तासांत होतें, आणि त्याचा वाफसा वांचतो.