दगड कोणाकडे येतो?



नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'मध्ये (२०१३) जब्याचे कैकाडी कुटुंब डुकरामागे धावते. गावकरी हसतात, पाहणाऱ्यांपैकीही काहींना हसू येते. शेवटी चिडवणाऱ्यांवर भिरकावलेला जब्याचा दगड थेट आपल्या अंगावर येतो आणि पडदा काळा होतो. 'हा दगड सवर्णांना,' असे म्हणून आपण सुटतो. पण हसू तर आपल्यालाही आले होते!

लॉस एंजेलिसमध्ये घडणारा 'क्रॅश' (२००४) हेच दाखवतो: वंशभेद सोसणारा माणूसच पुढच्या प्रसंगात दुसऱ्याला हिणवतो.

वसल सुत्तात भगवान सांगतात, माणूस जन्माने नव्हे, कर्माने नीच ठरतो. हा नियम आपल्यालाही लागू आहे. वॉलॉंगॉंगमध्ये आपल्या उच्चारांना कोणी हसले की आपण दुखावतो. पण धरावल लोकांच्या याच भूमीवर, आपल्या पंगतीत ॲबोरिजिनल लोकांवर विनोद झाला, तर आपण काय करतो?

अभ्यास: 'फँड्री' पुन्हा पाहा. कुठे हसू आले, कुठे राग आला, ते लिहून ठेवा. मनातला विकार उठताच ओळखणे ही चित्तानुपश्यना. पंगतीत गप्प न बसता शांतपणे बोलणे ही सम्यक वाचा.

भवतु सब्ब मंगलं.