कानातला बिल्ला आणि दाव्याची गाठ

2025 च्या सप्टेंबरात सिंदफणेचं पाणी आमच्या गोठ्यात शिरलं, तेव्हा रात्रीचे दोन वाजले असतील. चार जनावरं दावणीला. दावी भिजून फुगलेली, निरगाठी काही केल्या सुटेनात. विळा हाती लागेपर्यंत पाणी छातीला आलं. म्हैस आणि बैल निघाले. दुभती गाय आणि तिची कालवड गेली. गाय दुसऱ्या दिवशी बंधाऱ्याच्या अलीकडे बाभळीला अडकलेली सापडली. कालवडीचा पत्ता लागला नाही तो नाहीच.

शेजाऱ्याने वास सुटायच्या भीतीने आपल्या शेळ्या त्याच सकाळी पुरून टाकल्या. फोटो नाही, पंच नाहीत. पंचनाम्याला आलेल्यांना त्याने मातीचा ढीग दाखवला. त्यावर कोण काय लिहून देणार? मी गाय तशीच ठेवली. तलाठी आले, जनावरांचे डॉक्टर आले. डॉक्टरांनी कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा चिखल अंगठ्याने पुसला, बारा आकडे मोबाईलमध्ये टाकले आणि मला विचारलं, “गाय कुणाची म्हणालात?”

नाव माझं नव्हतंच. गाय मी वर्षभरापूर्वी नेकनूरच्या बाजारातून आणलेली. रुमालाखाली बोटं दाबून सौदा झाला, बिल्ला आहे एवढं पाहिलं आणि टेम्पोत चढवली. सरकारदरबारी ती अजून विकणाऱ्याच्याच दावणीला होती. बाजाराची पावती पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी पुरात. शेवटी बाजाराच्या कचेरीत स्थळप्रत निघाली, विकणाऱ्याने जबाब दिला, तेव्हा कुठे काम मार्गी लागलं. माणूस सरळ होता म्हणून. ‘माझ्या नावावर आहे तर पैसेही माझे’ म्हणाला असता, तर मी काय करणार होतो?

राज्यात 1 जून 2024 पासून बिल्ल्याची सक्ती आहे. बिल्ला नसेल तर आपत्तीत जनावर मेलं तरी भरपाई नाही, असा सरकारचा आदेश. पण बिल्ला असणं आणि तो आपल्या नावावर असणं, ह्या दोन गोष्टी आहेत. जनावर घेतलं की आठवडाभरात दवाखान्यात जाऊन नाव बदलून घ्या. बिल्ल्याचा आकडा वाचता येईल असा फोटो, जनावराशेजारी आपण उभे असलेला, काढा आणि परगावच्या पोरीच्या मोबाईलवर पाठवून ठेवा. आपला मोबाईलही पुरात जातो.

मदत किती? दुभत्या गाई-म्हशीला 37,500, ओढकामाच्या बैलाला 32,000, वासराला 20,000, शेळी-मेंढीला 4,000, कोंबडीला 100 रुपये. पूर्वी मोठ्या दुभत्या जनावरांत तिनावर मोजत नसत. ऑक्टोबर 2025 मध्ये राज्य सरकारने ती अट काढली. माझ्या गाईला पोळ्याआधी सत्तर हजारांची मागणी होती, म्हणजे मिळाले ते निम्म्याच्या आसपास. कालवडीचे काहीच नाहीत.

तेही पैसे आधी दिसेनात. मदतीच्या यादीतला आपला विशिष्ट क्रमांक घेऊन सेतू केंद्रात अंगठा देऊन आलो होतो, पासबुक मात्र कोरंच. महिनाभर तहसीलला खेटे घातले, साहेबांना नको ते बोललो. पैसे पडले होते माझ्याच जुन्या जनधन खात्यात. आधार त्याला जोडलेलं, आणि मी पासबुक दुसऱ्याच बँकेचं भरून घेत होतो. आधार नेमकं कुठल्या खात्याला जोडलंय हे बँकेत विचारायला पाच मिनिटं लागतात. मी विचारलं नव्हतं, दोष कुणाला द्यावा?

नवी गाय दिवाळीनंतर आणली. विकणाऱ्याला निम्मेच पैसे दिले, बाकीचे बिल्ला माझ्या नावावर चढल्यावर. तो कुरकुरला, पण थांबला. दावणीला आता सुरगाठ मारतो. नात आठ वर्षांची आहे, तिच्याकडून अंधारात दोनदा सोडवून घेतली.