किती वाटले, आणि किती जगली?



पुण्याच्या मंडळ्यांतून आपण पाड्यांवर ब्लँकेटे, वह्या, औषधे पाठवता. अहवालात त्यांचा आकडा असतोच. पण तो आपल्या श्रमांचा आकडा झाला. पाड्यावरच्या बाळाच्या आयुष्यात काय फरक पडला, हे त्यातून कळत नाही. ते शोधणे म्हणजे मूल्यमापन. (शब्द कचेरीतला वाटतो खरा!) त्याचा धडा घ्यायला फार दूर जायला नको, गडचिरोली पुरे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बाळे घरीच जन्मत, पुष्कळदा घरीच दगावत, आणि कित्येकांची नोंद कुठेच होत नसे. म्हणून आधी मोजणी. एक मेंढरू हरवले हे मेंढपाळालाही मोजल्यावरच कळले ना?

पुढे ३९ गावांत तिथल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करीत, ऊब देत, जंतुसंसर्ग ओळखून औषध देत. दुसऱ्या ४७ गावांत ही सेवा नव्हती, पण जन्ममृत्यूची मोजणी तिथेही चालू होती. ही तुलना का? नाहीतर मृत्यू घटले ते आरोग्यदूतांमुळे की पीकपाणी बरे झाल्यामुळे, हे कसे सांगणार? तिसऱ्या वर्षी तुलनेने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी दिसला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला.

त्या ४७ गावांतल्या आयांचा विचार मनातून जात नाही. सरकारी दवाखाने त्यांना होते, तरीही. पण पुरावा मिळाला म्हणूनच २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी जाऊ लागल्या, हेही तितकेच खरे.

आणखी एक गोष्ट देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. नीट मोजू लागले की सुरुवातीला मृत्यू वाढल्यासारखे दिसतात. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालात १३ संस्थांनी मोजलेले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त निघाले. अशा वेळी दचकून मदत थांबवली, तर पुढच्या वर्षी कोण खरे लिहील?

आता कोणत्याही संस्थेचा अहवाल हाती आला की ‘किती दगावली’ हा रकाना आहे का, ते पाहा. तिथे शून्य असेल, तर घरोघरी जाऊन कोणी विचारले होते, तेवढे पत्राने विचारा.