बागलाणच्या दुर्गावशेषांची पदभ्रमंती

प्रश्न : नाशिक जिल्ह्यात वाटाड्यासह तीन-चार दिवसांची, जुने अवशेष दाखवणारी गटमोहीम कोठे आखावी?

उत्तर : अशा मोहिमेस बागलाणातील सेलबारी-डोलबारी रांग सर्वांत योग्य असून, मुल्हेर-मोरा या जोडदुर्गांपासून आरंभ करून साल्हेर-सालोट्यावर सांगता करावी. बागुल राजांचे मुल्हेर १६३८ मध्ये मोगलांकडे गेले. तेथील सोमेश्वर मंदिर, मोती तलाव आणि झाडोऱ्यात हरवलेली वाड्यांची जोती घाईत पाहण्याजोगी नाहीत, म्हणून माचीवर, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या सपाट टप्प्यावर, एक मुक्काम ठेवावाच. १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले ते साल्हेरच्या परिसरात, आणि १५६७ मीटर उंचीचा हा दुर्ग २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. वाघांबे गावातून साल्हेर-सालोटा खिंडीत चढल्यावर कातळात खोदलेल्या पायऱ्या, दरवाजे आणि कड्याच्या पोटातील गुहा लागतात; एका अंगाला दरी असलेल्या या वाटेवर गट लहान असावा आणि वाटाड्या स्थानिकच घ्यावा. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, उन्हाळ्यात चढ जीवघेणा ठरतो, त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ निवडावा आणि साल्हेरवरील गंगासागर तलावाचे पाणी उकळूनच प्यावे.